सीताराम धुरींचा बिनतारी पलंग

पलंग पहिल्यांदा आपला आपण उठून बसला तेव्हा सीताराम धुरी त्याच्यावर होते आणि त्यांच्या तोंडात पेजेचा घास होता. सून अनुपमा स्टुलावर बसून त्यांना भरवत होती. पलंगाची डोक्याकडची बाजू घरघरत वर आली, सासऱ्यांचं नाक चमच्यात बुडालं, आणि कोणाला काही कळायच्या आत पलंग परत सरळ झाला.

"अहो!" अनुपमा ओरडली. "तुमचा पलंग चळला!"

चंद्रप्रकाश धुरी अर्ध्या दाढीवर साबण ठेवून धावत आला. रिमोट खिडकीच्या कठड्यावर होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. चंद्रप्रकाशने खाली वाकून मोटर पाहिली, वर बघून पंखा पाहिला, आणि तज्ज्ञाच्या आवाजात जाहीर केलं, "इंटरफिअरन्स आहे."

"तो कोण?" अनुपमाने विचारलं.

पलंग घरात आला त्याला कारण होतं. बाबांचं उजवं अंग गेलं होतं आणि जीभ जड झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की माणूस सारखा आडवा राहिला तर छातीत कफ साठेल, म्हणून दिवसातून दहा वेळा उठवून बसवा. चंद्रप्रकाश ड्यूटीवर गेला की हे काम अनुपमावर येई. बाबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. संपानंतर गिरणीचं गेट उघडलंच नाही ही गोष्ट वेगळी, पण त्याआधी त्यांनी बोट वर केलं की अख्खं खातं थांबायचं. आता सुनेने काखेत हात घातले की ते डोळे मिटून घेत. डोळे मिटल्यावर आपण तिथे नाही असं त्यांना वाटत असावं. अनुपमालाही तसंच वाटावं म्हणून ती त्या वेळी मोठ्याने भाजीचे भाव बोले.

अशात मुलुंडचं एक नर्सिंग होम बंद पडलं आणि त्यांचा मोटरवर वरखाली होणारा पलंग विकायला निघाला. चंद्रप्रकाशने तो नाहूरला आणला. जिन्यात तो तीनदा अडकला. मोटर उत्तम होती. बटण मात्र वायरच्या टोकाला होतं, आणि बाबांचं अंथरूण दिवसातून एकदोनदा ओलं व्हायचं. दुसऱ्याच दिवशी अनुपमाला झिणझिणी आली.

"मामंजींच्या अंथरुणात करंट नको," ती म्हणाली. "पलंग परत द्या नाहीतर वायर काढा."

वायर काढली तर पलंगाला सांगणार कोण, असा प्रश्न सामान्य माणसाला पडला असता. चंद्रप्रकाश सामान्य नव्हता. विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये नट-बोल्ट मोजून देणं हा त्याचा पोटाचा धंदा होता, पण रेडिओ हा त्याचा धर्म होता. पत्राद्वारे रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट त्याने देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलं होतं. त्याने दुरुस्त केलेले रेडिओ मात्र बिल्डिंगमध्ये कुठे वाजत नव्हते. ज्यांचे होते त्यांनी ते नंतर दुसऱ्याकडे दुरुस्तीला नेले होते.

अनुपमाचा भाऊ नंदकिशोर मस्कतला होता. बहिणींत भांडण नको म्हणून तो सगळ्यांना एकच वस्तू आणायचा, आणि मागच्या खेपेला त्याने सगळ्यांना लाल मोटारगाड्या आणल्या होत्या, हातातल्या डब्यावरून बिनतारी चालणाऱ्या. धुरींच्या घरी गाडीशी खेळण्याच्या वयाचं कोणी नव्हतं, म्हणून ती प्लास्टिकसकट शोकेसमध्ये होती. एका रविवारी चंद्रप्रकाशने तिचं पोट फाडलं. पुढच्या सुट्टीत नंदकिशोर आला, त्याने गाडी हातात घेऊन हलवून पाहिली.

"भावोजी, हिच्या आतलं कुठाय?"

"बाबांच्या खाली."

खरंच तिथे होतं. गाडी पुढे जायच्या बटणावर पलंग वर आणि मागे यायच्या बटणावर खाली. बाबांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबलं, आणि कोणीही काखेत हात न घालता ते उठून बसले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चंद्रप्रकाशला त्या दिवशी जे वाटलं ते सर्टिफिकेट आलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं. अनुपमा आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण पलंगाचा सांगाडा लोखंडी. पाच वेळा दाबावं तेव्हा एकदा ऐकायचा. चंद्रप्रकाशने रिमोटमध्ये आणखी एक ट्रान्झिस्टर घालून त्याची ताकद वाढवली आणि पलंगाखालच्या यंत्रातून एक तार नेऊन खिडकीच्या ग्रिलला बांधली. मग पलंग एका दाबात ऐकू लागला. तो इतरांचंही ऐकू लागला, ही गोष्ट पेजेच्या दिवशी कळली.

खालच्या मजल्यावर सुगंधाबाई राणे राहायच्या. त्यांनी मिक्सरमध्ये मालवणी वाटप घातलं की वर सीताराम धुरी उठून बसत. मासळीच्या दिवशी चारचारदा. रस्त्यावरून पोलिसांची वायरलेसची गाडी गेली की ते आडवे होत. चंद्रप्रकाशने कपॅसिटर बदलले, गुंडाळ्या बदलल्या, शेवटी सुगंधाबाईंनाच जाऊन विनंती केली की वाटप करण्याआधी जरा वर आवाज द्यावा.

"माझ्या खोबऱ्याचा नि तुमच्या बाबांचा संबंध काय?" सुगंधाबाईंनी विचारलं. प्रश्न योग्य होता. चंद्रप्रकाशने त्यांना लहरींची लांबी समजावून सांगितली. त्यांनी ती दारात उभं राहून ऐकली, आणि दुपारपर्यंत साऱ्या बिल्डिंगला कळलं की धुरींच्या चंदूवर कामाचा ताण पडलाय.

पण खरी वाट लागली ती रविवारी.

त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर देव येत. लोक अंघोळ करून, टीव्हीला हार घालून बसत. सुगंधाबाई तर चपला दाराबाहेर काढून आपल्याच घरात शिरत. तर त्या रविवारी ऐन युद्धात देवांनी बाण धनुष्याला लावला आणि पडद्यावर आडव्या रेघा आल्या. देव कमरेत दुमडले, मुकुट खाली आणि पाय वर असे फिरू लागले. साऱ्या बिल्डिंगमधून एकच हाय उठली. पुरुष गच्चीवर धावले. सोसायटीचे सेक्रेटरी तुळशीदास वैती अँटेना धरून फिरवत होते आणि कठड्यावरून खाली ओरडत होते, "आला का?"

"गेला!" खालून उत्तर येई.

चंद्रप्रकाशही गच्चीवर गेला होता. जाणकार म्हणून त्याच्याकडे पाहण्यात आलं. त्याने डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे पाहिलं आणि सांगितलं की सध्या सूर्यावर डाग जास्त आहेत. वैतींनी मान डोलावली. इतका सन्मान त्याला त्या गच्चीवर पुन्हा कधी मिळाला नाही, कारण तेवढ्यात गॅलरीतून अनुपमाचा आवाज आला, "अहो, खाली या! मामंजींनी पलंग वर केला की खाली लोक ओरडतात. मी तीनदा बघितलं!"

वैतींनी अँटेना सोडला.

"डाग सूर्यावर नाय रे, चंदू," ते म्हणाले. "तुझ्या घरात हाय."

सोसायटीची मीटिंग बसली. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं, पलंगाला दोरी आणि कप्पी लावा. एकाने बिल्डिंगवर लिंबू-मिरची सुचवली. एकाचे मेव्हणे डोंबिवलीला होते आणि त्यांच्या वडिलांनी अशा अवस्थेत वर्षभर आडवं राहून कोणाला कसलाही त्रास दिला नव्हता. शेवटी सुगंधाबाई म्हणाल्या, "अहो, रोज कोण अडवतंय? रविवारी तेवढा एक तास आजोबांना झोपवून ठेवा."

ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे चंद्रप्रकाश धरून. घरी येऊन त्याने बाबांना समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी मालिकेचा शंख वाजला, आणि बाबांनी बटण दाबलं.

दोन मिनिटांत सुगंधाबाई वर आल्या. दार उघडंच होतं. "अहो, काय चाललंय काय हे? माणसानं देवाचं तरी..." असं म्हणत त्या आत आल्या, तर समोर सीताराम धुरी पाठ ताठ करून बसलेले. त्यांनी डाव्या हाताने नमस्कारासारखं काहीतरी केलं. सुगंधाबाईंचा आवाज खाली आला. "बरे आहात ना?" त्यांनी विचारलं. अनुपमाने स्टूल पुढे केलं, त्या टेकल्या. मागोमाग वैती आले, तेही भांडायलाच. पण पलंगावर बसलेल्या म्हाताऱ्याशी भांडता येईना, म्हणून त्यांनी पूर्वी कोणत्या गिरणीत होता ते विचारलं. बाबांनी जड जिभेने सांगितलं. वैतींचा थोरला भाऊ शेजारच्याच गिरणीत होता. मग ते दहा मिनिटं बसले.

प्रत्येक रविवारी असं होऊ लागलं. बाबा त्या दिवशी दाढी करून मागत, काळी टोपी घालून मागत. शंख वाजला की बटण. मग जिन्यात पाय वाजत. "कोण इलो?" बाबा विचारत. जो येई तो रागाने येई आणि चहा घेऊन जाई. चंद्रप्रकाश मात्र त्या तासाला मोरीत जाऊन उभा राही. साऱ्या बिल्डिंगपुढे आपल्या वडिलांनी आपल्याला शब्दाचा कच्चा ठरवावं याचं त्याला फार लागलं होतं. बाबांना काही कळत नाही, असं तो प्रत्येक आठवड्याला जिन्यात सगळ्यांची माफी मागताना सांगायचा.

मग कोणीतरी वर तक्रार केली. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीतून चंद्रप्रकाशला बोलावणं आलं. बिनतारी यंत्र चालवायला परवाना लागतो हे पत्राद्वारे केलेल्या अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढ्यात ओढला.

"बिनतारी केंद्र एका जागी आहे की फिरतं?"

"पलंग आहे, साहेब."

"हलतो का?"

"चाकं आहेत, पण..."

"म्हणजे फिरतं." त्याने खूण केली. "जहाजावर नेणार?"

"साहेब, तो जिन्यातून वर येत नव्हता."

"नेणार नाही, असं सांगा ना. विमानात?"

"नाही."

"संदेश कोण पाठवणार?"

"वडील."

"आणि घेणार कोण?"

"पलंग."

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "साहेबांना पाठवतो."

साहेब आले, कानाला लावायचे फोन आणि एक पेटी घेऊन. त्यांनी बाबांना बटण दाबायला सांगितलं, आणि बाबांनी दाबताच साहेबांनी कानातले फोन उपटून काढले. "धुरी," ते म्हणाले, "ह्याला रिमोट म्हणत नाहीत. तुम्ही वडिलांच्या हातात रेडिओ स्टेशन दिलंय." पण माणूस वाईट नव्हता. चहा पिताना त्याने कागदावर आकृती काढून दिली: ग्रिलची तार काढा, वाढवलेला ट्रान्झिस्टर काढा, रिमोटमध्ये आणि पलंगाखाली एकाच लहरीचे क्रिस्टल बसवा म्हणजे ना हा भटकणार ना दुसऱ्याचं ऐकणार, पलंगाखालचं सगळं पत्र्याच्या डब्यात बंद करून त्याला अर्थिंग द्या, आणि मोटरला दोन कंडेन्सर लावा. "एवढं करा. मग मी काही पाहिलं नाही आणि तुम्ही काही केलं नाही."

चंद्रप्रकाशने रजा टाकली. लॅमिंग्टन रोडवर फिरून क्रिस्टल आणले, बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापला, बोटं भाजून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हाती घेतलेलं काम जसं व्हायला हवं तसं झालं. पलंग फक्त बाबांचं ऐकू लागला. सुगंधाबाईंनी पापलेटाचं वाटप घातलं, पलंग हलला नाही. रविवारी शंख वाजला, बाबांनी बटण दाबलं, आणि साऱ्या बिल्डिंगमध्ये देव धुतल्यासारखे स्वच्छ दिसले. चंद्रप्रकाश गॅलरीत छाती काढून उभा राहिला. कोणी येऊन कौतुक करेल अशी त्याची थोडी अपेक्षा होती.

आत बाबा टोपी घालून बसले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग बटण पुन्हा दाबून पलंग खालीवर केला. पुन्हा दाराकडे पाहिलं.

"कोण येवक नाय?" त्यांनी विचारलं.

"आता कोणी येणार नाही, बाबा. कायमचं मिटवून टाकलं!" चंद्रप्रकाश म्हणाला.

त्यानंतर बाबांनी बटण दाबणं सोडलं. दुसऱ्याने दाबून दिलं तर बसत, नाहीतर दिवसभर आडवेच राहत. टोपी मागेनात, दाढी नको म्हणत. छातीत घरघर सुरू झाली. ती मोटरची नव्हती. डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि विचारलं, "उठून बसत होते ना स्वतःहून? मग बंद का केलं?" चंद्रप्रकाशने त्यांना क्रिस्टलविषयी सांगायला सुरुवात केली.

डॉक्टर गेल्यावर अनुपमा म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"ते उठायला बटण दाबत नव्हते."

चंद्रप्रकाशने तिच्याकडे पाहिलं. "मग तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही चार दिवस रजा घेऊन पत्रा कापत होता. बोटं भाजली होती तुमची," ती म्हणाली. "कसं बोलणार?"

शनिवारी संध्याकाळी चंद्रप्रकाशने पलंगाखाली शिरून पत्र्याचा डबा काढला, मोटरचे कंडेन्सर तोडले. जुना ट्रान्झिस्टर टाकून दिला नव्हता, तो परत जोडला. ग्रिलला तार बांधली. इतकं मन लावून त्याने आजवर काही बिघडवलं नव्हतं. रविवारी त्याने स्वतः बाबांची दाढी केली आणि टोपी घातली. शंख वाजला. त्याने रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला.

"दाबा, बाबा."

बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं. मग दाबलं. पलंग वर आला. दोघेही दाराकडे बघत राहिले. खाली कोणी ओरडलं नाही. गच्चीवर कोणी धावलं नाही. साऱ्या खिडक्यांतून एकच आवाज, एकच संगीत, स्वच्छ, येत होतं.

"येतले, बाबा," चंद्रप्रकाश म्हणाला आणि खाली गेला.

सुगंधाबाईंचं दार उघडं होतं. पडद्यावर एकही रेघ नव्हती.

"काय हो, धुरी?"

"काही नाही. म्हटलं, चित्र हलतंय का?"

"छे! आता कसलं हलतंय? केबल घेतली ना बिल्डिंगने. पोरांनी बुधवारी गच्चीवर मोठा अँटेना बसवला, जाडी वायर घरोघर टाकली. झकास दिसतं. तुम्हालाही विचारणार होते, पण वैती म्हणाले, त्यांच्याकडे म्हाताऱ्याचं आजारपण, टीव्ही बघायला वेळ कोणाला आहे."

चंद्रप्रकाश उंबऱ्यावर उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, जरा वर येता का?"

"कशाला?"

"भांडायला."

सुगंधाबाईंचा चेहरा उतरला. "असं टोचून बोलू नका, धुरी. मी काय मुद्दाम भांडत होते? झालं गेलं. आता आमची काही तक्रार नाही."

"टोचून नाही हो. खरंच या. दोन मिनिटं. बाबा बसलेत."

"येईन की सावकाश. आता हे सोडून कुठे," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर पडद्याकडे गेली.

तो वैतींकडे गेला. वैतींनी त्याला आत ओढलं, हातावर प्रसादाचा शिरा ठेवला आणि पाठीवर थाप मारली. "चंदू, मनात काय ठेवू नको. बाबांना सांग, कितीपण वेळा उठा, कितीपण वेळा झोपा, आपल्याला काय फरक पडत नाय." त्यांनी हे अगदी मनापासून म्हटलं. चंद्रप्रकाशने आणखी दोन दारं वाजवली. कोणाचीही तक्रार नव्हती. एवढी चांगली माणसं आपल्या बिल्डिंगमध्ये राहतात हे त्याला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

तो हातात शिरा घेऊन वर आला. पलंग अजून वर होता. बाबांना खोकला आला होता, अनुपमा पाठ चोळत होती. यावेळी तिने भाजीचे भाव काढले नाहीत. मालिका संपली तशी दारं उघडली. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली, बोलत, हसत. मटणाच्या दुकानावर गर्दी व्हायच्या आत पोहोचायचं होतं. चपलांचे आवाज धुरींच्या दाराशी आले.

बाबांनी सुनेचा हात बाजूला केला आणि टोपी सरळ केली.

"कोण इलो?"

चपला खाली उतरत गेल्या.

"मीच, बाबा," चंद्रप्रकाश म्हणाला. तो स्टुलावर बसला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्याने विचारलं, "बरे आहात ना?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, अंगठ्याने बटण शोधलं आणि पलंग खाली केला.